चौकडीची वही

नार्वा, फेब्रुवारी. दुपारचे साडेतीन वाजले
की खिडकीतला उजेड काढता पाय घेतो.
शाळेच्या दवाखान्यात एक खाट, एक वजनकाटा, मी,
आणि दार न वाजवता आत येणारा येगोर.
वय दहा. उंची एकशे अडतीस.

"परत?"
तो मान हलवत नाही.
"कुठे?"
दोन्ही हातांनी दाखवतो, कपाळावरून कानांमागे:
गेल्या वर्षीची लोकरीची टोपी, लहान झालेली,
काढून टाकावी म्हटलं तर डोक्यावर नाहीच.

ठणका नाही. उलटी नाही. उजेड टोचत नाही.
डोळे तपासून झाले. तार्तूला जाऊन
मोठ्या यंत्रात डोकं घालून झालं.
आत काही नाही, डॉक्टर आनंदाने म्हणाले.
त्याच्या आईने, लारिसाने, मला फोन केला:
काहीच नाही, तर मग दुखतंय काय?
वर्गातली पोरं म्हणतात, गणिताच्या तासालाच बरं दुखतं!
गणिताच्या तासाला दुखत नाही.
ते मी वेळापत्रक समोर ठेवून पाहिलंय.

मग त्याला एक वही दिली, चौकडीची.
तारीख. दहापैकी किती. काय खाल्लं. किती झोपलास.
महिनाभर त्याने इमानेइतबारे लिहिली:

सोमवार. शून्य. ब्लिनी, चार.
मंगळवार. दोन. झोप नऊ तास.
बुधवार. सात. पाकीट आलं.

पाकीट?

विजेचं, तो म्हणाला. आधी बँकेचं.
त्याच्याआधी आईच्या शिलाई कारखान्याचं.
सगळी एस्टोनियन भाषेत. घरात ती भाषा एकट्या त्याला येते,
तीसुद्धा सप्टेंबरपासून,
वर्ग त्या भाषेत भरायला लागला तेव्हापासून.
जेवण झालं की आई ताट सारते, हात पुसते,
पाकीट टेबलावर ठेवते आणि समोर बसते,
तीच चौथीत असल्यासारखी.
तो वाचत जातो, रशियनमध्ये सांगत जातो.
अडला तरी थांबत नाही,
कारण थांबलं की ती विचारते, वाईट आहे का रे?
म्हणून एखादा शब्द पदरचा घालतो.

कारखान्याच्या पत्रात एक शब्द होता, 'कोंदामिने'.
त्याला 'कोंदिस' माहीत होता: फुटबॉलचा राष्ट्रीय संघ.
म्हणून त्याने सांगितलं, आई, तुला संघात घेतायत.
लारिसाने त्या रात्री मधाचा केक केला.

हे सांगताना तो वजनकाट्यावर उभा होता.
काटा आधी थरथरला, मग बत्तीसवर थांबला.

मला तो शब्द येतो.
पन्नाशीत भाषेची परीक्षा देतेय मी, दुसऱ्यांदा.
उशाशी शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन झोपते.
कोंदामिने: कामावरून कमी करणे.

"मलापण कळलाय आता," तो म्हणाला. "सोमवारी. बाईंना विचारला."
"आणि आईला?"
तो वहीच्या रकान्याकडे बघत राहिला,
तिथे काय लिहायचं असतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या कपाटात गोळ्या आहेत. दिल्या नाहीत.
ओला रुमाल दिला, पाणी दिलं,
आणि म्हटलं, यापुढे पाकीट आलं की इथे आण.
दोघं मिळून वाचू, शब्दकोश घेऊन,
जिथे अडेल तिथे अडू.
आणि हे पत्र आज संध्याकाळी मी सांगते. तू शेजारी बस.
बस, म्हणजे नुसता बस.

"तुम्ही तर नापास झाला होतात," तो म्हणाला.
"दोन गुणांनी," मी म्हटलं.

बाहेर उणे अकरा. नदीपलीकडे
दुसऱ्या देशाचे दिवे लागले होते.
"टोपी घाल," मी म्हणाले.
"घातलीय की एक," कपाळाला हात लावून तो म्हणाला,
आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसला,
अर्धाच; पुरं हसलं तर दुखतं म्हणे.

वहीत मी त्या दिवसाचा आकडा विचारला नाही.
त्याने जाताना आपणच लिहिला: पाच.
मग खोडून, साडेपाच.